माईचें माहेरचें नांव

गेल्या आषाढांतल्या एका संध्याकाळीं माझी नात शाळेची वही घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. शाळेंत मुलांना घराण्याची वंशावळ काढून आणावयास सांगितली होती, आणि आपण आजीच्या माहेरचीच वंशावळ काढावयाची असें तिच्या मनानें घेतलें होतें. वहीच्या पानावर तिनें एक डेरेदार वड काढला होता. माझें माहेर मुळशी तालुक्यांतल्या लवळे गांवचें. माझ्या चुलतभावाकडे घरचें जुनें दप्तर आहे. त्यावरून सात पिढ्यांच्या पुरुषांचीं नांवें घटकाभरांत मिळालीं व वडाला फांद्या फुटल्या. मग नातीनें विचारलें, “आजी, तुझ्या आजीचं नांव काय गं?”

मीं सांगितलें.

“हें लग्नानंतरचं ना? त्याच्या आधीचं काय?”

मला उत्तर देतां येईना. दुसऱ्या दिवशीं मीं दोन चुलतभावांना व एका वहिनीला विचारलें. त्यांनाहि ठाऊक नव्हतें. जिच्या मांडीवर आम्ही लहानाचे मोठे झालों, जिची आठवण निघाली कीं आजहि आमच्या घरांत कोणाचे ना कोणाचे डोळे ओले होतात, तिला तिची आई कोणत्या नांवानें हांक मारीत होती, हें तिच्या नातवंडांना सांगतां येऊं नये! त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

आम्ही सारीं नातवंडें तिला माई म्हणत असूं. १९६४ सालच्या माघांत ती गेली, तेव्हां मी पंधरा वर्षांची होतें. त्या काळचें लवळें आजच्यासारखें नव्हतें. पुण्याहून पौड रस्त्यानें एस. टी.नें पिरंगुटापर्यंत यावें व तेथून पुढें पायीं किंवा बैलगाडीनें जावें. भोंवतीं डोंगर, त्यांच्या पायथ्याशीं भाताचीं खाचरें, आणि पाऊस असा कीं दोन दोन दिवस ओटीवरून समोरचें घर दिसूं नये. आमचें घरहि मोठें नव्हे. पुढें ओटी, मग माजघर, मागें स्वयंपाकघर व पडवी. परसांत विहीर आणि तुळशीवृंदावन. सुटी लागली कीं पुण्याचीं आम्ही मुलें तेथें जात असूं.

माईची माझी पहिली आठवण दिसण्याची नसून ऐकण्याची आहे. पहांटे केव्हां तरी जाग येई ती जात्याच्या घरघरीनें. माजघराच्या कोपऱ्यांत समई तेवत असे. माई आणि माझी मोठी काकू समोरासमोर बसून एकाच खुंट्यास हात घालून दळीत. माझी झोंप मोडली नसे. मी तशीच उठून जाई आणि माईच्या मांडीवर डोकें ठेवून पुन्हां निजें. ती उजव्या हातानें जातें ओढी, डाव्या हातानें मुठीमुठीनें तांदळाची किंवा नाचणीची वैरण घाली, आणि गाई. एक ओवी तिची, एक काकूची. तिच्या आवाजाची कंपनें मांडींतून माझ्या कानापर्यंत येत. तो सूर आजहि मला म्हणून दाखवितां येईल. शब्द मात्र एकहि आठवत नाहीं.

दिवसां माईला बसलेली मीं क्वचितच पाहिली. सोवळ्यांत स्वयंपाक, मग जेवणें, मग निवडणें-पाखडणें. उन्हाळ्यांत सांडगे-पापड, पावसाळ्यांत ओल्या लांकडांशीं झुंज. तान्ह्या पोरांसाठीं सहाणेवर गुटी उगाळून देण्याचें काम सारें गांव तिच्याकडेच आणी. सोवळ्याची ती मोठी कडक. परंतु गांवांत कोणाची बाळंतीण अडली तर कोणत्याहि घरीं, कोणत्याहि वेळीं कंदील घेऊन निघे. पहांटे परत आली कीं विहिरीवर स्नान करी आणि चुलीपुढें बसे. घरांतल्या पुरुषांनीं एकदां हटकलें तेव्हां ती एवढेंच म्हणाली, “सोवळं धुतां येतं. गेलेला जीव परत आणतां येत नाहीं.”

१९५७ सालीं कुळकायद्यानें आमचीं बहुतेक खाचरें कुळांकडे गेलीं. त्या संध्याकाळीं ओटीवर पुरुष मंडळी खालीं माना घालून बसलीं होतीं. तोंच आमचा एक कूळ बायकोला घेऊन अंगणांत येऊन उभा राहिला. त्याला आनंदहि झाला होता आणि संकोचहि वाटत होता. काय बोलावें हें कोणासच सुचेना. माई आंतून तांदूळ व नारळ घेऊन आली, त्याच्या बायकोची ओटी भरली आणि म्हणाली, “चिखलांत पाय तुमचे होते, भातहि तुमचाच.” मी तेव्हां आठ वर्षांची. तें वाक्य माझ्या लक्षांत राहिलें, कारण त्यानंतर ओटीवर कोणी बोललें नाहीं.

माईचें माहेर मुळेच्या वरच्या खोऱ्यांत होतें. होतें म्हणावयाचें, कारण आज तें पाण्याखालीं आहे. मुळशीस टाटांच्या कंपनीनें धरण बांधावयास घेतलें, तेव्हां पन्नासच्या आसपास गांवांच्या शेतांघरांवर संकट आलें. १९२१ सालच्या रामनवमीस तेथें सत्याग्रह सुरू झाला. सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढारीपणाखालीं मावळांतले शेतकरी, त्यांच्या बायकादेखील, धरणाच्या कामावर जाऊन बसल्या. तुरुंगवास झाले. तीन वर्षांनीं लढा मोडला आणि धरण पुरें झालें. तें पाणी सह्याद्रीच्या पायथ्याशीं भिरा येथें उतरवून त्यावर वीज निर्माण करितात व ती मुंबईस जाते. माईचा भाऊ दर भाऊबिजेस येत असे. गांव गेल्यावर तो पोटासाठीं मुंबईस गेला व पुढें येईनासा झाला. नवऱ्याच्या घरीं नवें नांव मिळालेलें, आणि जुन्या नांवानें हांक मारणारें गांवच बुडालेलें! मग तें नांव जगणार कोठें? माईनें कधीं माहेराबद्दल रडून सांगितल्याचें मला आठवत नाहीं. पण आम्हीं मुळशीच्या तलावावर सहलीस जाण्याचा बेत केला कीं ती म्हणे, “तुम्ही जा.”

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेंहि फुटलें, आणि पुण्याच्या नदीकांठच्या पेठांतून पाणी शिरलें. नारायण पेठेंतल्या आमच्या दोन खोल्यांत माळ्यापर्यंत चिखल भरला. शहरांत प्यावयाच्या पाण्याचा ठणठणाट झाला. आम्ही चौदा माणसें अंगावरच्या कपड्यांनिशीं लवळ्यास जाऊन पोहोंचलों. माईनें “कसें झालें” म्हणून विचारलें नाहीं. “आधीं जेवा” म्हणाली. दोन महिने आम्ही तेथें होतों. तांदळाची कणगी उतरत चालली होती, परंतु कोणाच्या ताटांत भात कमी पडला नाहीं. आषाढी एकादशीस चातुर्मास बसला तेव्हां माईनें एकभुक्त राहण्याचा नेम धरला. ती दरवर्षीं कांहीं तरी नेम धरीतच असे, म्हणून कोणास विशेष वाटलें नाहीं. पुष्कळ वर्षांनीं माझ्या आईनें मला सांगितलें, “तो नेम देवासाठीं नव्हता गं. तो आपल्या चौदा पानांसाठीं होता.”

इतकें जिचें आम्हांवर ऋण, तिचें आम्हीं काय जपलें? तिच्यामागें वाटणी झाली तेव्हां पितळी भांडीं मोजून घेतलीं. माझ्या वाट्यास आलेल्या तपेल्यावर नांव कोरलेलें आहे. तें तिच्या वडिलांचें! लेकीच्या लग्नांत भांडें देणाऱ्याचें नांव भांड्यावर घालीत, जिला दिलें तिचें नाहीं. आजोबांचे जमाखर्च, पंचांगें, सरकारी कागद, पुरुषांच्या जन्मपत्रिका हें सारें लाल कापडांत बांधून ठेवलेलें आहे. आमचें घर निरक्षर नव्हतें. एका घरांत चार पदवीधर होते. कागद होता, शाई होती, वेळहि होता. मला तर याची विशेष लाज वाटते, कीं १९६३ सालीं शाळेंत ‘माझी आजी’ हा निबंध मीं लिहिला आणि त्यास चांगले गुणहि मिळाले. आजी प्रेमळ असते, आजी गोष्टी सांगते, असें त्यांत लिहिलें होतें. ज्या आजीवर तो लिहिला तिला मीं एकहि प्रश्न विचारला नव्हता!

आम्हांस प्रेम कमी होतें असें नाहीं. मग काय कमी पडलें? या प्रश्नाचा विचार करूं लागलें कीं माझ्या डोळ्यांपुढें जळगांवचें एक शेतकऱ्याचें घर उभें राहतें.

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० सालीं, नागपंचमीच्या दिवशीं, जळगांवजवळच्या असोदें गांवीं महाजनांच्या घरीं झाला. तेराव्या वर्षीं जळगांवच्या नथुजी चौधरी यांच्याशीं लग्न झालें आणि तिसाव्या वर्षीं वैधव्य आलें. पदरीं तीन मुलें: ओंकार, सोपान आणि काशी. थोरला ओंकार प्लेगांतून वांचला, पण कायमचा अपंग झाला. बाईंना अक्षरओळख नव्हती. शेत, गोठा, चूल आणि जातें एवढें त्यांचें जग. आपल्या माईहून त्यांचें आयुष्य निराळें तें काय? जातीचा, प्रांताचा, बोलीचा भेद सोडला तर पहांटे उठण्याची वेळदेखील एकच असावी.

बाई काम करतां करतां गात असत. सुगरणीचा खोपा, चुलीवरचा तवा, पिकांत शिरणाऱ्या गुरासारखें ओढाळ मन, पेरणी, मळणी, माहेरची वाट, नवऱ्यामागें उरलेला संसार, यांवर खानदेशच्या बोलींत त्या गाणीं रचीत आणि तीं तेथल्या तेथें हवेंत विरून जात. त्या घरांत एकच गोष्ट निराळी घडली. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे एक नातलग पीतांबर चौधरी यांनीं जेव्हां जेव्हां कानीं पडलें तेव्हां तेव्हां तें कागदावर टिपून ठेवलें. यासाठीं कांहीं मोठी विद्वत्ता लागली नाहीं. लागली ती एवढीच समजूत, कीं आई जें बोलते आहे तें लिहून ठेवण्याजोगें आहे.

३ डिसेंबर १९५१ रोजीं बहिणाबाई वारल्या. सोपानदेव तोंवर स्वतः नांवाजलेले कवि होते. तरी आईचीं तीं गाणीं लोकांपुढें न्यावीं कीं नाहीं याचा त्यांना संकोच होता. अखेर त्यांनीं ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली. अत्र्यांनीं तीं गाणीं वाचलीं मात्र, आणि तीं महाराष्ट्रापासून लपवून ठेवणें हा गुन्हा आहे अशा आवेशानें त्यांच्या प्रकाशनाचा आग्रह धरिला. १९५२ सालीं त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंचीं गाणीं’ प्रसिद्ध झालीं. पुढें २०१८ सालीं जळगांवच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास बहिणाबाईंचें नांव देण्यांत आलें. जिला आपली सही करतां येत नव्हती, तिच्या नांवाचा शिक्का आज हजारों पदव्यांवर उमटतो! परंतु मला त्याहूनहि दुसरी एक गोष्ट मोठी वाटते. बहिणाबाईंच्या वडिलांचें नांव उखाजी आणि आईचें नांव भिमाई, हें आज शाळेंतल्या पोरालाहि सांगतां येतें. माझ्या नातीच्या वडावर मात्र एक फांदी रिकामी होती.

अंगची प्रतिभा कोणास वांटून घेतां येत नाहीं, आणि प्रत्येक आजी बहिणाबाई असते असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु विचारणारें माणूस प्रत्येक घरांत असूं शकतें. लक्ष्मीबाई टिळक या नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची लेक. लग्नापूर्वींचें त्यांचें नांव मनकर्णिका. शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलें नव्हतें. लिहिणें-वाचणें नवऱ्याच्या घरीं आल्यावर शिकल्या. रेव्हरंड टिळकांच्या मृत्यूनंतर मुलगा देवदत्त यानें वडिलांच्या चरित्रासाठीं आईला आठवणी लिहावयास सांगितल्या, आणि त्यांतून १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांची ‘स्मृतिचित्रें’ झालीं. अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे यांचें ‘माझें पुराण’ १९४४ सालीं आलें. तें त्यांची सून कावेरीबाई यांनीं संपादिलें. पाहा, एकीकडे मुलगा, दुसरीकडे सून, तिसरीकडे मुलगा आणि एक नातलग. साहित्यसंमेलन नाहीं, विद्यापीठ नाहीं. घरांतल्याच माणसानें विचारलें, आणि घरांतल्याच बाईनें सांगितलें.

आणि आमच्या मुळशीचें काय? याविषयीं मला जी माहिती मिळाली तिनें माझी मान अधिकच खालीं गेली. जात्यावरच्या ओवीचें कुळ फार जुनें आहे. बाराव्या शतकांतल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत महाराष्ट्रांतल्या बायका कांडतांना ओवी गातात असा उल्लेख आहे. म्हणजे ज्ञानेश्वरींत ओवी आली त्याच्याहि आधीं ती बायकांच्या तोंडीं होती. आठ शतकें चाललेला हा व्यवहार पिठाच्या गिरणीनें एका पिढींत थांबविला. गिरणीस दोष देणें बरोबर नाहीं. पहांटे तीन वाजतां उठून शेरांनीं दळण दळणाऱ्या बाईचे खांदे तिनें सोडविले. परंतु खांदे सुटले तसें गाणेंहि सुटलें, कारण तें गाणें त्या श्रमालाच बांधलेलें होतें. बसून, हात स्वस्थ ठेवून तें कोणी म्हणत नसे.

या ओव्या सर्वस्वीं जाण्याआधीं हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ या दोघांनीं गेल्या शतकाच्या अखेरीस त्या टिपावयास घेतल्या. पॉइट्वाँ हे जन्मानें फ्रेंच, पुढें भारतीय झालेले. कामाचा आरंभ याच मुळशी-मावळच्या डोंगरी गांवांतल्या कष्टकरी बायकांत झाला. पुढें इतर जिल्ह्यांतूनहि ओव्या जमल्या आणि ही संख्या एक लाखाच्या वर गेली. ‘पारी’ या ग्रामीण जीवनाच्या संग्रहांत २०१७ पासून त्या गाणाऱ्या बाईच्या नांवानिशीं व गांवानिशीं प्रसिद्ध होत आहेत. आईची माया, भावाची वाट, सासरचा जाच, सीतेचें दुःख, पंढरीची ओढ, सारें त्यांत आहे. ज्या बायकांना आम्ही अडाणी म्हणत आलों त्यांच्या नातींना आज आपल्या आजीचा आवाज यंत्रावर ऐकतां येतो. शिकल्यासवरल्या आमच्या घरांत मात्र सूर तेवढा उरला, आणि तोहि माझ्यापाशीं, माझ्याबरोबर जाणारा.

असो. रडत बसण्यानें माई परत येणार नव्हती. आमची एक आत्या ठाण्यास असते, माईचें शेंडेफळ. वय ब्याण्णव. कानानें अधू, पण बुद्धि स्वच्छ. दिवाळींत नातीला बरोबर घेऊन मी तिच्याकडे गेलें. भाऊबीज होती. मीं मोठ्यानें विचारलें, “आत्या, माईला तिच्या माहेरीं काय म्हणत?”

आत्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “इतक्या वर्षांत हें कोणी विचारलं नाहीं गं.” आणि तिनें नांव सांगितलें. मुंबईचा मामा एकदां शेवटचा आला होता, तेव्हां दारांतूनच त्यानें त्या नांवानें हांक मारिली. माईच्या हातांतली कासंडी खालीं पडली आणि दूध सांडलें; सांडलेलें दूध तसेंच ठेवून माई दाराकडे धांवली. आत्या तेव्हां पांच-सहा वर्षांची होती. आईला धांवतांना तिनें तेवढेंच एकदां पाहिलें.

मग मीं ओव्यांविषयीं विचारलें. आत्यानें मान हलविली, कांहीं आठवेना. मी निराश होऊन दुसरें बोलूं लागलें. माझ्या बोलण्यांत पहांटेचें जातें आलें, समई आली, मोठी काकू आली. बोलतां बोलतां माझें लक्ष गेलें. आत्याचा उजवा हात पलंगपोसावर वाटोळा फिरूं लागला होता. एक फेरा, दोन फेरे. आणि चौथ्या-पांचव्या फेऱ्याबरोबर तिच्या तोंडून शब्द आले. तोच सूर! साठ वर्षें मी ज्या सुरांत शब्द शोधीत होतें, ते शब्द त्या सुरावर येऊन बसले. नातीनें झटकन् फोन पुढें केला. चार ओव्या पुऱ्या मिळाल्या, पांचवी अर्धी. त्यांतली एक माईनें स्वतः रचलेली होती असें आत्या म्हणते. तिच्यांत पाण्याखालीं गेलेल्या गांवाचें नांव आहे.

वाचक भगिनींना तें नांव आणि ती ओवी येथें वाचावयास मिळणार नाहीं, याबद्दल राग नसावा. इतक्या वर्षांनीं घरीं परत आलेलें माणूस आधीं चार दिवस घरांतच राहूं द्यावें. नातीच्या वडावर रिकाम्या फांदीच्या जागीं तें नांव मीं माझ्या हातानें लिहिलें; आणि दप्तराच्या लाल कापडांत आतां आजोबांच्या जमाखर्चाशेजारीं एक शाळकरी वही आहे.

परवां लवळ्यास गेलें होतें. डोंगरावर विद्यापीठांच्या इमारती उभ्या आहेत. देशोदेशींचीं मुलें तेथें शिकावयास येतात. पिरंगुटाहून आतां कोणी पायीं येत नाहीं. आमच्या घराच्या जागीं दुसरें घर झालें आहे, परंतु परसांत विहिरीजवळ जात्याची खालची तळी तशीच पडलेली दिसली. पावसाचें पाणी तिच्यांत सांचलें होतें व एक चिमणी तें पीत होती.

आपल्या घरांत अजून कोणी म्हातारी आई, आजी, मोठी काकू, सोवळ्यांतली आत्या असेल, तर हें मासिक क्षणभर खालीं ठेवावें आणि तिच्यापाशीं जाऊन बसावें. मोठे प्रश्न नकोत. “तुला लहानपणीं काय म्हणत?” एवढेंच विचारावें, आणि जें येईल तें लिहून घ्यावें. आम्हीं विचारलें तें ब्याण्णवाव्या वर्षीं. आत्या होती म्हणून निभावलें.